आडोशामागचा फासा

रविवारी मामाच्या शिवणकामाच्या दुकानाचं शटर अर्धंच वर असायचं. गिऱ्हाइकाला कळायचं की दुकान बंद आहे, आणि ज्यांना आत यायचं असायचं ते वाकून आत यायचे. आत, कापड बेतायच्या लांबलचक टेबलावर, दुपारी तीनच्या ठोक्याला लढाई सुरू व्हायची.

टेबलावर काळं अस्तर अंथरलेलं. त्यावर मामा शिंप्याच्या खडूने भुयारं, पूल, दरवाजे आखायचा. शत्रू म्हणून बटणं. शर्टाची बारकी बटणं म्हणजे किरकोळ शत्रू, ओव्हरकोटाचं चार भोकांचं बटण म्हणजे मोठं प्रकरण. कोण कोणापासून किती लांब उभा आहे ते मोजायला मामाच्या गळ्यात टेप होतीच. खेळणाऱ्या प्रत्येकाचं एक पात्र असायचं, कोणी योद्धा, कोणी तिरंदाज, आणि मामा सूत्रधार. गोष्ट तो सांगायचा, शत्रूंच्या वतीने फासे तो टाकायचा. हे फासे तो शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा उभा करून त्याच्या आडोशामागे टाकायचा. सूत्रधाराने चार गोष्टी गुलदस्त्यात ठेवायच्या असतात, तशी या खेळाची रीतच आहे.

खेळणारे तिघं. एक मामाची भाची. ती बल्बच्या कारखान्यात तपासनीस होती. तीन हजार बल्बांच्या लॉटमधून सव्वाशे बल्ब उचलायचे, पेटवून बघायचे. सात खराब निघेपर्यंत ठीक, आठवा निघाला की अख्खा लॉट परत. तिच्या सहीने इतके लॉट परत गेले होते की कारखान्यात तिला सगळे नापासबाई म्हणायचे. तोंडावरसुद्धा.

दुसरा वायरमन. मामाच्या शेजारच्या गाळ्यात त्याचं सामान असायचं. उंच, सडपातळ, स्वभावाने इतका गरीब की शिडीवरून उतरताना शिडीला सॉरी म्हणेल.

आणि तिसरी नापासबाईची आई. म्हणजे मामाची थोरली बहीण. चौतीस वर्षं हॉस्पिटलात नर्स होती. निवृत्त होऊन चार महिने झाले नाहीत तो गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ती खिडकीपाशी खुर्चीत बसून राहायला लागली. जेवण समोर आलं तर जेवायची, कोणी बोललं तर बोलायची. बाकी नुसती बसायची. एका रविवारी मामा तिला हाताला धरूनच दुकानात घेऊन आला.

"ताई, तुझ्यासाठी एक वैद्यबाईचं पात्र करून ठेवलंय," तो म्हणाला. "जखमा बऱ्या करायच्या, काढे द्यायचे. तुला सोपं जाईल."

"चौतीस वर्षं मलमपट्टीच केली ना मी?" आई म्हणाली. "आता मला फोडाफोडी करायचीय. सगळ्यात मोठं हत्यार कुठलं आहे?"

सगळ्यात मोठं हत्यार होतं दोन हातांनी पेलायची कुऱ्हाड. आईने ती घेतली. पात्राचं नावसुद्धा कुऱ्हाडबाईच ठेवलं. त्या दिवशी तिने एका भुयारात सहा बटणांच्या मधोमध उडी घेतली, पाचांचा चुराडा केला आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा खदखदून हसली. नापासबाई घरी जाताना रस्त्यात थोडी मागे राहिली, डोळे पुसायला.

खेळाचं गणित तसं सरळ आहे. हल्ला करायचा असेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. समोरच्याचं चिलखत जितकं भारी तितका मोठा आकडा लागतो. कुऱ्हाडबाईला मारायला शत्रूला अकरा किंवा जास्त लागायचे. म्हणजे वीसपैकी दहा बाजू, निम्मी शक्यता. वायरमनचे योद्धे जरा उघडेवाघडे, त्यांना नऊ पुरायचे. नापासबाईची तिरंदाज चपळ, तिला तेरा लागायचे. घाव बसला की आणखी एक फासा टाकून किती जीव गेला ते ठरायचं. जीव शून्यावर आला की माणूस आडवा.

आई आडवी होत नव्हती. आडवी सोडा, तिला ओरखडासुद्धा क्वचितच यायचा. सात रविवार झाले, कुऱ्हाडबाई दिसेल त्या घोळक्यात घुसायची, चारी बाजूंनी घाव पडायचे आणि आडोशामागून मामाचा आवाज यायचा, "चुकला... हाही चुकला... अरेरे, थोडक्यात चुकला."

"घाबरता काय असे?" आई बाकीच्यांना सांगायची. "काही लागत नाही. सरळ आत घुसायचं!"

वायरमन तिला फार मानायचा. ती म्हणाली की तो आत घुसायचा, आणि मरायचा. पहिला त्याचा तलवारवाला गेला, मग भालेवाला, मग एक जादूगार. तिसऱ्याला तर त्याने नाव, गाव, लहानपणची हकिगत असं सगळं दोन पानं लिहून आणलं होतं. तो पहिल्याच दुपारी गेला. चौथ्या पात्राच्या कागदावर नावाच्या जागी त्याने नुसतं 'चौथा' लिहिलं.

"नाव तरी ठेव रे," मामा म्हणाला.

"राहू दे. जिवंत राहिला तर ठेवू."

त्याने फासे मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवून बघितले, बदलून बघितले, डाव्या हाताने टाकून बघितले. हसण्यावारी चाललं होतं सगळं. सातव्या रविवारी मात्र चहा पिताना आईने त्याला विचारलं, "तुझी ती सुपरवायझरची परीक्षा कधी आहे? फॉर्म भरलास?"

"नाही भरला, सिस्टर." सगळी गल्ली आईला सिस्टरच म्हणायची. "आमचा पायगुण तुम्ही बघताय ना? साधा फासा मला पडत नाही. तिथे काय दिवे लावणार?"

वायरमनने दिवे लावायची भाषा केली म्हणून मामा हसला. वायरमन हसला नाही. कपातला चहा त्याने तसाच ठेवला होता. ते बघून नापासबाईच्या मनाला काहीतरी टोचलं.

तिला एक खोड होती. समोर काही मोजण्यासारखं घडत असलं की ती मोजायची. गेले सातही रविवार मामाने सांगितलेला प्रत्येक हल्ला तिने वहीत नोंदवला होता. कोणावर, लागला की चुकला. उगाच, हाताला चाळा म्हणून. सोमवारी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत तिने डबा बाजूला सारला आणि वही उघडली.

वायरमनवर अडतीस हल्ले. नऊला लागतो म्हणजे साठ टक्के, तेव्हा बावीस-तेवीस लागायला हवेत. लागले होते तेवीस. तिच्या स्वतःवर पस्तीस, अंदाजे चौदा लागायला हवेत, लागले पंधरा. म्हणजे वायरमनचं नशीब अगदी चारचौघांसारखं होतं. ना वाईट, ना चांगलं. चारचौघांसारखं नशीब घेऊन जो रोज घोळक्यात उडी मारेल तो मरणारच.

मग तिने आईचं पान उघडलं. एकेचाळीस हल्ले. निम्मी शक्यता. वीस तरी लागायला हवेत.

लागले होते सहा.

तिने पुन्हा मोजले. सहाच. तिने हिशेब मांडला. एकेचाळीस वेळा नाणं उडवून सहा किंवा त्याहून कमी छापे येण्याची शक्यता किती? कॅल्क्युलेटरवर उत्तर आलं ते तिने दोनदा करून पाहिलं. साधारण चार लाखांत एकदा.

"नापासबाई, जेवत नाही का?" पलीकडच्या टेबलावरून कोणीतरी विचारलं.

"भूक मेली," ती म्हणाली. एखादा लॉट इतका चांगला निघाला तर ती काय करते हे तिला पक्कं माहीत होतं. ती तपासणाऱ्याला तपासते.

बुधवारी ती एक जुना स्कर्ट घेऊन दुकानात गेली. मामा मशीनवर होता. तोंडात टाचण्या.

"याची कंबर सैल करायचीय," ती म्हणाली. "आणि मामा, तू आडोशामागे लबाडी करतोस."

मामाचा पाय पायडलवर थांबला. त्याने एकेक टाचणी तोंडातून काढून मशीनवरच्या छोट्या उशीत खोचली. अगदी सावकाश, सगळ्या. मग म्हणाला, "कोण म्हणतं?"

तिने वही समोर धरली. मामाला टक्केवारी कळत नव्हती अशातला भाग नाही, कापड बेतणाऱ्याला आकडे कळतात. त्याने पान वाचलं आणि त्याचे कान लाल झाले.

"सहाच दिले होय मी?" तो म्हणाला. "मला वाटलं अधूनमधून बऱ्यापैकी देतोय."

"का पण?"

"का म्हणजे? ती खुर्चीत कशी बसायची ते तू पाहिलंस ना? तीन महिने माझ्याशी धड बोलली नाही. इथे आली आणि हसली. म्हटलं, आता हिची ती कुऱ्हाडवाली मेली आणि ही परत खिडकीत जाऊन बसली तर?" त्याने टेप गळ्यातून काढली, परत घातली. "लहानपणी पत्ते खेळताना ती मुद्दाम हरायची माझ्याशी. मी रडायचो म्हणून."

नापासबाई स्टुलावर बसली. रागावून आली होती, पण रागवायचं कोणावर, हेच तिला कळेना. ती असती तर तिनेही हेच केलं असतं, बहुतेक.

"मामा, आईला वाटतं काही लागत नाही. ती सगळ्यांना आत घुसा म्हणते. वायरमन घुसतो. त्याच्यासाठी तू लबाडी करत नाहीस."

"त्याच्यासाठी कशाला करू? तो काय..." मामा बोलता बोलता थांबला. "तीन मेले त्याचे."

"आणि तो परीक्षेला बसत नाहीये. स्वतःला पनवती समजतोय."

मामाने स्कर्ट हातात घेऊन उलटा केला. मग म्हणाला, "स्कर्टाची कंबर किती वाढवू?"

"मामा!"

"ऐकलं गं बाई. ऐकलं. रविवारी बघू."

रविवारी पुठ्ठ्याचा आडोसा टेबलावर नव्हता. मामाने तो इस्त्रीच्या टेबलाखाली सरकवून दिला होता. "आजपासून फासे उघड्यावर," तो म्हणाला, आणि कोणी काही विचारायच्या आत खडूने मोठा दरवाजा आखून त्यासमोर ओव्हरकोटाचं बटण ठेवलं. दगडी पहारेकरी. बाजूला दोन काळी बटणं, त्याचे लोखंडी कुत्रे. दरवाजातून पलीकडे जायचं होतं.

कुऱ्हाडबाईचा जीव होता चौतीस. आईने नेहमीसारखी तिला उचलली आणि थेट तिघांच्या मधे नेऊन ठेवली.

मामाने फासा टाकला. सगळ्यांच्या समोर तो घरंगळत गेला, कैचीला आपटला आणि थांबला. चौदा.

"लागला," मामा म्हणाला. "दहा गेले."

"दहा?" आई म्हणाली.

पहिला कुत्रा सहा, चुकला. दुसरा सतरा, लागला, चार गेले. पुढच्या फेरीत आईने पहारेकऱ्याला एक सणसणीत घाव घातला, नापासबाईच्या बाणाने एका कुत्र्याला लंगडं केलं. मामाने फासे टाकले. पहारेकरी बारा, लागला, आठ गेले. कुत्रा अकरा, लागला, पाच गेले. दुसरा कुत्रा तीन, चुकला.

आईने कागदावर वजाबाकी केली. पेन्सिल थांबली. "सात उरले," ती म्हणाली. मग तिने मान वर केली आणि भावाकडे पाहिलं. आजवर अनेक पेशंटांनी तिच्यापासून तंबाखू, दारू आणि ताप लपवायचा प्रयत्न केला होता. तिला चेहऱ्यावरचं कळायचं.

"छोट्या," ती म्हणाली. "आज काय वेगळं आहे?"

छोट्या, म्हणजे चोपन्न वर्षांचा मामा, टेबलाकडे बघत राहिला. मग त्याने सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. नापासबाईने वही पुढे सरकवली आणि चार लाखांत एकदाचा हिशेब सांगितला. वायरमन एका बाजूने वाकून वाचायला लागला.

मामा म्हणाला, "तुला बरं वाटावं म्हणून केलं गं, ताई."

"ते कळलं मला." आईने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "वॉर्डमध्ये नातेवाईक यायचे माझ्याकडे. सिस्टर, डॉक्टर म्हणतात साठ टक्के, पेशंटला नका सांगू. मी म्हणायची, शरीर त्याचं आहे, आकडा त्याचा आहे. त्याच्यापासून लपवून तुम्ही त्याच्या खाटेवर झोपणार आहात का?" ती वायरमनकडे वळली. "आणि तुझे तीन मेले ते माझं ऐकून."

"नाही नाही, सिस्टर, तसं काही नाही."

"तसंच आहे. सरळ आत घुसा, सरळ आत घुसा! मला काय जातंय म्हणायला? मला चार लाखांत एक असं कवच घातलं होतं या गाढवाने."

गाढव गळ्यातली टेप गुंडाळायला लागला. वायरमनचं बोट मात्र वहीतल्या एका ओळीवर होतं. "मॅडम, हे माझं आहे? अडतीसपैकी तेवीस?"

"हो."

"आणि यायला किती हवेत?"

"बावीस-तेवीस."

"म्हणजे बरोबर आहे?"

"अगदी बरोबर. इतकं बरोबर की आमच्या कारखान्यात मी डोळे मिटून सही केली असती. तुमच्या नशिबात खोट नाही. तुम्ही चुकीच्या ठिकाणी उभे राहत होता, एवढंच."

वायरमनने ते पुन्हा वाचलं. त्याच्या चेहऱ्यावर असा भाव होता की कोणीतरी त्याला त्याच्याच घराची हरवलेली किल्ली आणून दिलीय.

"चला," आईने चष्मा परत चढवला. "उरलेत ते सात माझे आहेत. आता मला खरे आकडे सांगा. पळून जाता येईल का?"

"तू पळालीस तर पहारेकरी चौथ्यावर जाईल," मामा म्हणाला. आता तो काहीच लपवणार नव्हता. "कुत्रे समज गेले. त्यांना तिरंदाज या फेरीत संपवतेच आहे. पहारेकऱ्याचे नऊ उरलेत. बाण त्याच्या दगडावर चालत नाहीत."

"पळायचं नाही. मारायला मला काय लागेल?"

"बारा किंवा जास्त," नापासबाई म्हणाली. "वीसपैकी नऊ बाजू, पंचेचाळीस टक्के. लागल्यावर दोन साधे फासे आणि वर चार. नऊ हवेत, म्हणजे फाशांची बेरीज पाच तरी यायला हवी. छत्तीस जोड्यांपैकी सहाच त्याहून कमी येतात. म्हणजे सहात पाच वेळा जमेल."

"आणि मी आधी मारला तर?" वायरमनने विचारलं.

"तुम्हाला चौदा लागतात, पस्तीस टक्के. आणि तुमचा घाव छोटा. दोघं मिळून धरलं तरी या फेरीत तो पडायची शक्यता चाळीस." तिने पेन्सिल चावली. "पण तुम्ही मारलंच नाही, नुसतं त्याच्यासमोर नाचून त्याचं लक्ष वेधलं, तर आईला दोन फासे टाकता येतात. त्यातला मोठा धरायचा. दोन्ही चुकायची शक्यता पंचावन्नाचे पंचावन्न टक्के, म्हणजे तीस. उरले सत्तर. सत्तरचे सहात पाच... अठ्ठावन्न."

"नुसतं नाचून चाळिसाचे अठ्ठावन्न?" वायरमन थक्क झाला.

"नुसतं नाचून."

"मग नाचतो की!" तो म्हणाला, आणि त्याने चौथ्याला उचलून पहारेकऱ्याच्या नाकासमोर नेऊन ठेवलं.

आईने दोन्ही फासे मुठीत घेतले. "अठ्ठावन्न म्हणजे शंभरात बेचाळीस वेळा गेले मी."

"हो, आई."

"ठीक आहे," ती म्हणाली आणि फासे टाकले.

एक चारवर थांबला. दुसरा गोल फिरत राहिला, फिरत राहिला आणि अकरावर बसला. बारा हवे होते.

मामाने पहारेकऱ्याचा फासा टाकला. सोळा. घाव, नऊ. कुऱ्हाडबाईचे होते सात.

"पडले?" आईने विचारलं.

"पडलीस," मामा म्हणाला.

"मेले?"

"लगेच नाही," वायरमन पुढे सरसावला. "सिस्टर, या बाबतीत मी अनुभवी माणूस आहे. आता प्रत्येक फेरीला तुम्ही एक फासा टाकायचा. दहा किंवा वर आले की एक श्वास. खाली आले की एक उचकी. आधी तीन श्वास झाले तर वाचलात, आधी तीन उचक्या झाल्या तर आटोपलं. आणि फासा हातात फार घोळवायचा नाही. त्याने काही होत नाही, नुसता घाम येतो."

आईने टाकला. आठ. उचकी. पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून मामा चक्रावला. ती पुढे वाकून बसली होती, डोळे लकाकत होते. गेल्या सात रविवारांत ती हसली होती खूप, पण अशी खुर्चीच्या टोकावर कधी आली नव्हती.

वायरमनचा घाव चुकला, पहारेकऱ्याचाही चुकला. पुढच्या फेरीत आईला पंधरा, एक श्वास. चौथ्याने घाव घातला, पाच गेले, पहारेकऱ्याचे चार उरले. पहारेकऱ्याने चौथ्याला दणका दिला, पण तो उभा राहिला. नापासबाईच्या तिरंदाजाने धनुष्य फेकलं, धावत जाऊन पडलेली कुऱ्हाड उचलली. तिसऱ्या फेरीत आईला दोन. दुसरी उचकी.

"आता मी मारू की नाचू?" वायरमन स्वतःशीच बोलायला लागला. "मारला तर पस्तीस. लागला तरी चार जायला हवेत, म्हणजे निम्म्या वेळा. साडेसतरा. मॅडमना या कुऱ्हाडीने पंधरा लागतात, तीस टक्के. चुकायचे सत्तर. सत्तरातले सत्तर म्हणजे एकोणपन्नास. शंभरातून गेले..." त्याने टेबलावर थाप मारली. "एक्कावन्न! मॅडम, निम्म्याच्या वर! नाचतो!"

नापासबाईने दोन फासे टाकले. सात. आणि अठरा. कुऱ्हाड बसली. दगडी पहारेकरी टेबलावर आडवा झाला, म्हणजे मामाने बटण उलटं केलं.

"धावा!" नापासबाई ओरडली. "आईला वाचवा! मलमपट्टी कोणाला येते?"

सगळ्यांनी आपापले कागद पाहिले. कोणालाच येत नव्हती.

"कमाल आहे," आई म्हणाली. "आपल्यात एक नर्स असायला नको होती का?"

"होती," मामा म्हणाला. "तिला कुऱ्हाड हवी होती."

आई इतकी हसली की तिला फासा धरवेना. तरी तिने टाकला. बारा, दुसरा श्वास. आता दोन-दोन. पुढच्या फाशावर सगळं. वायरमनने मान लांब केली, मामा स्टुलावरून उठला.

"पंचावन्न टक्के," नापासबाई पुटपुटली.

"ठाऊक आहे," आई म्हणाली. "मोजलं मी."

तिने टाकला. नऊ.

एकाने हुकलं. कुऱ्हाडबाई गेली.

मामा बहिणीच्या चेहऱ्याकडे बघत होता, ताप बघावा तसा. आईने कुऱ्हाडबाईचा कागद हातात घेतला, एकदा वाचला, नीट चार घड्या घालून पर्समध्ये ठेवला. मग म्हणाली, "काय गेली! पंचेचाळीस होते आणि तेच आले! छोट्या, तू झाकून टाकला असतास तर मला किती पडले असते?"

"वीस," मामा म्हणाला.

"मग मला हे कुठलं बघायला मिळालं असतं?" तिने त्याच्या डोक्यावर हलकी टपली मारली. चोपन्न वर्षांच्या डोक्यावर. "पुन्हा केलंस तर टाके घालीन. भूल न देता."

"नाही करणार, ताई."

"आण कोरा कागद. आता मला चोर व्हायचंय. पेशंटच्या उशीखालून बिड्या काढायचा हात अजून गेला नाही माझा."

वायरमनने तिला चोराचा कागद भरून दिला. कुठलं चिलखत घेतलं तर शत्रूला किती लागतील हे त्याने प्रत्येक वेळी बोटांवर मोजून दाखवलं, आणि एकदा चुकला तेव्हा आईने दुरुस्त केलं. मग त्याने आपला कागद ओढला आणि 'चौथा' खोडून तिथे एक लांबलचक, भारदस्त नाव लिहिलं.

फॉर्म भरायची मुदत शुक्रवारी संपत होती. त्याने गुरुवारी भरला.

महिन्याभराने परीक्षा झाली. पन्नास प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, चुकलं तरी गुण कापत नव्हते. निकाल लागला त्या दिवशी तो भर दुपारी, कमरेला पट्टा, पट्ट्यात पक्कड, तसाच दुकानात शिरला. आई तिथेच होती. आता ती मधल्या वारीही यायची, शर्टांना काजं करून द्यायची आणि मामाच्या गिऱ्हाइकांना न विचारता रक्तदाबाबद्दल सल्ले द्यायची.

"सिस्टर, पास! एका गुणाने पास!"

आईने हातातला शर्ट बाजूला टाकला. "एका गुणाने? काठावर आलास की रे!"

"काठावर कसला! सहा प्रश्न मला अजिबात येत नव्हते. पूर्वी सोडून आलो असतो. या वेळी बसलो शांतपणे. प्रत्येकात दोन पर्याय तर सरळ सरळ चुकीचे होते, ते उडवले. उरल्या दोघांत निम्मी शक्यता. म्हटलं, सहाचे निम्मे तीन यायला हवेत."

"किती आले?"

"दोन." तो शटरला टेकून हसत सुटला. "मॅडमना सांगा, अंदाजापेक्षा एक कमी पडला! पण मी जागा बरोबर निवडली होती!"

मामाने मशीन थांबवलं आणि गिऱ्हाइकाची पँट तशीच टेबलावर टाकून चहा सांगायला स्वतः रस्त्यावर गेला. आई वायरमनला बसायला स्टूल देत होती आणि तो, नवा सुपरवायझर, बसायला तयार नव्हता. त्याला कोणीतरी उभ्या उभ्याच पुन्हा एकदा सगळं विचारावं असं वाटत होतं. आईने विचारलं. पहिल्या प्रश्नापासून.